चोरासाठी ठेवलेलं दार

‘मैत्रीपूर्ण’ आणि ‘स्पर्धा’ हे दोन शब्द ज्यानं कुणी पहिल्यांदा एकमेकांशेजारी बसवले, त्यानं एकदा बाईंच्या कट्ट्यावर येऊन बघावं. तासाभरात दोन्ही शब्द पिशवीत भरून परत नेईल.

कट्टा म्हणजे इंटरनेटवरची एक जागा. कुलपं फोडायचा नाद असलेली माणसं तिथे जमायची. खरी कुलपं नव्हेत. वेबसाइटची, सर्व्हरची, पासवर्डची. आठवडाभर ही माणसं कुठल्या ना कुठल्या ऑफिसात अशाच कुलपांची राखण करायची, आणि सुटीच्या दिवशी हात शिवशिवायला लागले की बाईंकडे यायची. बाई त्यांच्यासाठी स्पर्धा भरवायच्या. मुद्दाम कच्ची बांधलेली कोडी, प्रत्येक कोड्याच्या पोटात दडवलेली एक ओळ. त्या ओळीला म्हणायचं झेंडा. कोडं फोडून झेंडा काढायचा, फळ्यावर लावायचा, गुण मिळवायचे. फळा म्हणजे ज्यावर सगळ्यांची नावं आणि गुण दिसत ते पान. बक्षीस म्हणाल तर काही नाही. फळ्यावर नाव सगळ्यात वर, एवढंच. पण बक्षीस नसलं की माणसं किती जिवावर उठून भांडतात, ते भांडल्याशिवाय कळत नाही.

कट्ट्यावर खरं नाव कुणी लावत नसे. बाईंना बाई म्हणत, कारण त्या सगळा कारभार शाळेच्या हेडबाईसारखा चालवायच्या. दिवसा त्या एका मोठ्या रुग्णालयाच्या संगणक विभागात होत्या. एखाद्या डॉक्टरानं आपला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवलेला दिसला, की बाई ती चिठ्ठी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवत आणि मग फाडत. डॉक्टर म्हणत, अहो, एकट्यात सांगायचं. बाई म्हणत, एकट्यात सांगितलेलं लक्षात राहत नाही. राग तर नाकाच्या शेंड्यावरच बसलेला. तो तिथून उतरून खाली आलेला कुणी पाहिला नव्हता.

कट्ट्याचे नियम बाईंनीच केलेले. पहिला आणि सगळ्यात कडक: न तपासलेलं काही फळ्यावर लावायचं नाही. बाईंनी बांधलेलं कोडं आधी दुसऱ्या माणसानं सोडवून बघायचं, मगच ते लोकांपुढे. दुसरा: कोडी फोडा, फळा फोडू नका. तिसरा: स्पर्धेच्या दिवशी बाईंना खासगी निरोप धाडायचा नाही; जे काही असेल ते कट्ट्यावर, चारचौघांत बोला. त्या दिवशी बाई खासगी निरोपांची पेटीच बंद करून टाकत, म्हणजे कुणाला गुपचूप मदत केली असं म्हणायला जागा नको.

आता हे कोडी तपासणारं दुसरं माणूस कोण, तर बाईंचा सख्खा धाकटा भाऊ. कट्ट्यावर त्याचं खातं ‘तपासनीस’ याच नावानं होतं, आणि तो बाईंचा कुणी लागतो हे तिथे कुणालाही ठाऊक नव्हतं. तो दूर दुसऱ्या शहरात, बंदराच्या गोदीत नेटवर्कचं काम बघायचा. बहीणभावांत विस्तव जात नव्हता. फोन नाही, भेट नाही, नातेवाइकांच्या लग्नात दोघांपैकी एकच जाणार. उरलं होतं ते एवढंच: बाई कोडं पाठवत, आणि त्याच संध्याकाळी उत्तर येई. ‘सुटतंय’ किंवा ‘सुटत नाही’. एकदा बाई तापानं फणफणलेल्या असताना त्यांनी बांधलेल्या कोड्यात चुकाच चुका होत्या. उत्तर आलं, ‘सुटत नाही. झोप.’ त्यांना ताप आहे हे त्यानं कोड्यावरून ओळखलं होतं. तो एक जादा शब्द बाईंनी पुढे कितीतरी दिवस उघडून उघडून पाहिला. एवढा धागा तुटला तर भाऊ म्हणून काही उरणार नाही, हे बाईंना पक्कं माहीत होतं. म्हणून तर स्पर्धा चालू होत्या. नाहीतर आपल्या सुटीचं वाटोळं करून परक्यांच्या शिव्या खायची कुणाला हौस असते?

भांडण आईवरून झालं होतं. आईची आठवण शेवटी शेवटी पुसत चालली होती. लहानपणीचं घर शोधायला ती उठून बाहेर पडायची. बाईंचं घर वरच्या मजल्यावर, बाहेर लगेच जिना. म्हणून दाराला उंचावर एक कडी बसवून घेतली होती; आईचा हात पोचणार नाही इतक्या उंचावर. एका दुपारी धाकटा औषधं घेऊन बाहेरून आला, आणि त्यानंतर थोड्याच वेळानं आई जिन्याच्या पायथ्याशी सापडली. ती पुन्हा अंथरुणातून उठली नाही. ती गेली त्या दिवशी, घर माणसांनी भरलेलं असताना, बाई सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, “बाहेरून शेवटचा आला तो हा. दार ह्यानंच उघडं टाकलं.”

“मी कडी घातली होती,” धाकटा म्हणाला.

“मग कडी काय आईनं काढली?”

आईचं सगळं आटोपलं आणि तो गेला. पुढे कधीतरी कट्ट्यावर तपासनीस पाहिजे अशी बाईंनी पाटी लावली, तेव्हा एक अनोळखी खातं उघडलं गेलं आणि पहिल्याच कोड्याला उत्तर आलं. कोडं ज्या आडवाटेनं सोडवलं होतं त्यावरून बाईंनी त्याला ओळखलं. त्यांनी तसं दाखवलं नाही, त्यानंही नाही.

एवढं सगळं जेमतेम तोलून धरलेलं होतं, आणि त्यात येऊन पडला बिब्बा.

बिब्बा हे त्यानंच स्वतःला घेतलेलं नाव. दुसऱ्याच्या कामात बिब्बा घालणं हाच धंदा, तर नाव तरी कशाला लपवा. मागच्या दोन्ही स्पर्धांत तोच पहिला आला होता, आणि जिंकून गप्प बसेल तर तो बिब्बा कसला! “बाई, तुमची कोडी म्हणजे चाळण. भोकं मोजायची की पीठ चाळायचं?” असं तो कट्ट्यावर सगळ्यांसमोर लिहायचा. बाकीचे दात काढायचे. बाई त्याला पाण्यात पाहत होत्या. लोकांचं कोडं वाचून होत नाही तोवर ह्याचा झेंडा फळ्यावर लागलेला. हा नक्की फळ्याच्या आत डोकावून उत्तरं बघतोय, असा बाईंना संशय. संशय कसला, खात्रीच.

या स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात बाईंनी ते बोलूनही दाखवलं. “काही जणांना कोडं न वाचताच सोडवता येतं म्हणे. देवानं बुद्धी दिली की कुणी उत्तरं दिली, ते लवकरच कळेल.”

बिब्बा वाटच बघत होता. “उत्तरं माहीत असणारी माणसं दोनच. एक बाई, दुसरा तो मुका तपासनीस. कधी एक शब्द बोलत नाही तो. बाई, घर झाडायचं तर आपल्या उंबऱ्यापासून सुरुवात करा.”

“तपासनिसाचं नाव काढायचं काम नाही,” बाईंनी लिहिलं.

“का? तुमचा कोण लागतो?”

बाईंनी संगणक बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. एकटीच्या घरात भांडी आपटून काय होणार, पण आपटली.

त्याच रागात सापळा बांधला गेला. फळ्याच्या मागच्या बाजूला बाईंनी एक जुनं दिसणारं पान ठेवलं, जणू कारभाऱ्यांसाठी केलेलं आणि नंतर विसरून गेलेलं. त्याला शेंबडं पोरही ओळखेल असा पासवर्ड. आत एक फाइल: उत्तरं. सगळी खोटी. जो कुणी आपल्या खात्यावरून त्या पानात शिरेल त्याचं नाव तत्काळ फळ्यावर लाल अक्षरांत झळकणार, ‘चोर सापडला’ म्हणून. आणि कट्ट्यावर त्याचं तोंड बंद, एक अक्षर लिहिता येणार नाही. बिब्बाचं नाव त्या लाल अक्षरांत कसं दिसेल हे बाईंनी दोनदा लिहून पाहिलं. छान दिसत होतं.

सगळी कोडी रिवाजाप्रमाणे धाकट्याकडे गेली. सगळ्यांना उत्तर आलं, ‘सुटतंय’. सापळा मात्र गेला नाही. पाठवायचा म्हणजे सोबत चार ओळी लिहाव्या लागल्या असत्या, की लोक माझ्या अंगावर येताहेत, मी वैतागले आहे, एवढं बघशील का? इतकं बोलणं त्या दोघांत शिल्लक नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मनाच्या तळाशी एक किडाही वळवळत होता. न जाणो, बिब्बा म्हणतो त्यात काही असलं तर? आपल्या हातानं केलेला पहिला नियम बाईंनी आपल्या हातानं मोडला, आणि मोडताना त्यांना काहीच वाटलं नाही.

स्पर्धेच्या सकाळी पिण्याच्या पाण्याचा मोठा कॅन दाराबाहेर आणून ठेवलेला होता. बाईंनी तो दोन्ही हातांनी पोटाशी धरून आत आणला, सवयीनं टाचेनं दार मागे ढकललं, आणि धापा टाकत टेबलाशी जाऊन बसल्या. खासगी निरोपांची पेटी बंद केली. कोडी उघडी केली. कट्ट्यावर गर्दी झाली.

सकाळ नेहमीसारखीच खडाजंगीत गेली. एकजण म्हणाला तिसरं कोडं मोडलंय. बाई म्हणाल्या मोडलंय ते तुमचं डोकं. ‘सुतार’ नावाचा एक शांत स्वभावाचा गडी, जो कुणाच्या अध्यात ना मध्यात, तोही एका झेंड्यापायी दुसऱ्याशी हमरीतुमरीवर आला. बिब्बा वर चढत चालला होता, आणि बाईंचा एक डोळा सतत त्या मागच्या पानावर होता. ये रे, ये. ये की मेल्या.

जेवणवेळ टळून गेल्यावर फळा लाल झाला.

‘चोर सापडला: तपासनीस.’

बाईंनी ते वाचलं. नाव चुकलं असेल म्हणून पुन्हा वाचलं. तोवर कट्ट्यावर गलका उठला होता.

“वा, बाई, वा!” बिब्बानं लिहिलं. “आम्ही चोर चोर म्हणून ओरडत होतो, आणि इथे कुंपणच शेत खातंय.”

“तपासनीस? तो तर खेळतसुद्धा नाही!”

“म्हणूनच तर. दुसऱ्या कुणाला तरी पुरवत असणार.”

“बाई, बोला की आता!”

सुतारानं मध्ये तोंड घातलं. “जरा थांबा. त्याला सगळी उत्तरं आधीच माहीत असतात. किल्ल्या खिशात असलेला माणूस कुलूप कशाला फोडेल? आणि चोर काय आपलं नाव लावून येतो?”

किती सरळ प्रश्न होते! पण बाईंच्या कानात तेव्हा वेगळंच वाजत होतं. इतकी वर्षं ज्याला ‘सुटतंय’ आणि ‘सुटत नाही’ इतक्यावरच का होईना जपलं, त्यानं भर बाजारात नाक कापलं. आणि नाक कापलं यापेक्षाही, मी तेव्हा म्हणाले होते ते खरं होतं, हा तसाच आहे, याचा एक कडवट आनंद त्यांना झाला. हो, आनंदच. त्या आनंदाच्या भरात त्यांची बोटं चालली.

“सुतार, तुम्ही वकिली करू नका,” त्यांनी लिहिलं. “मी ह्या माणसाला ओळखते. हा माझा सख्खा भाऊ आहे. ह्याच्या हलगर्जीपणानं आमची आई जिन्यावरून पडून गेली. दार उघडं टाकून वर म्हणाला, मी कडी घातली होती. तेव्हा खोटं बोलला, आता चोरी केली. मला ह्याचं काडीचंही आश्चर्य वाटत नाही.”

उचलली जीभ लावली टाळ्याला. फक्त जिभेनं बोललेलं निदान हवेत विरून जातं. हे तिथे अक्षरात लागून राहिलं. शेकडो माणसं ते वाचत होती. तपासनिसाच्या नावापुढचा हिरवा ठिपका लागलेला होता, म्हणजे तोही वाचत होता. त्याचं उत्तर येईल म्हणून सगळे थांबले. ते येणार नव्हतं; बाईंच्या सापळ्यानं त्याचं तोंड बंद केलं होतं. हे बाईंना तेव्हा आठवलंसुद्धा नाही. तो गप्प आहे एवढंच त्यांना दिसलं. नेहमीसारखा गप्प. दोषी माणूस दुसरं काय करणार?

पुढची स्पर्धा कशीबशी रेटली गेली. लोक झेंडे लावत होते, पण आरडाओरडा थांबला होता, जसं घरात मोठी माणसं भांडली की पोरं आवाज न करता जेवतात. ऊन उतरता उतरता वेळ संपली. बिब्बा पुन्हा पहिला. रिवाज असा होता की जिंकणाऱ्यानं आपण कोडी कशी सोडवली ते सगळ्यांना सांगायचं. बिब्बानं एकेक कोडं उलगडून दाखवलं, आणि बाईंना ते वाचताना दिसत होतं की माणूस खरोखर हुशार आहे. उत्तरं चोरणाऱ्याला असं सांगता येत नाही. तो चोर नव्हता. नुसताच नालायक होता.

“एक गोष्ट राहिली,” शेवटी त्यानं लिहिलं. “फळ्यामागचं ते दार. ते मला सकाळीच दिसलं होतं. म्हटलं, बाईंसारखी खडूस बाई इतकं ढळढळीत भोक ठेवेल होय? सापळाच असणार. म्हणून गेलो नाही.”

“मग सांगितलं का नाही?” सुतारानं विचारलं.

“मी काय बाईंचा नोकर आहे? गंमत बघत बसलो. मगाशी पुन्हा डोकावलो तर कुलूप घातलेलं. आणि साधंसुधं नाही बरं का, मी अर्धा तास हलवलं तरी हललं नाही. बाई, उशिरा का होईना, शहाणपण सुचलं म्हणायचं.”

बाईंनी कुलूप घातलेलं नव्हतं.

त्यांनी ते मागचं पान उघडायला घेतलं. आपला तो शेंबडा पासवर्ड टाकला. उघडलं नाही. पुन्हा टाकला. नाही. सर्व्हर त्यांचाच, म्हणून त्या मागल्या बाजूनं आत शिरल्या आणि काय झालंय ते बघितलं. दाराला नवीन, भक्कम कुलूप बसवलेलं होतं. भोक नीट बुजवलेलं, कडा घासून गुळगुळीत केल्यासारखं. खोट्या उत्तरांच्या फाइलला कुणी हात लावला नव्हता; ती उघडलीही गेली नव्हती. नोंदीत बसवणाऱ्याचं खातं लिहिलेलं होतं: तपासनीस. आणि वेळा जुळवून पाहिल्यावर कळलं: लाल अक्षरं आधी लागली होती, कुलूप त्यानंतर बसलं होतं. म्हणजे सगळ्या कट्ट्यावर त्याच्या नावाची दवंडी पिटली जात असताना, तोंड बंद, बहीण आईच्या मरणाचं खापर पुन्हा डोक्यावर फोडत असताना, तो आत बसून ते दार लावत होता. अर्धं सोडून उठला नव्हता.

सगळं एकदम लख्ख झालं. त्याला भोक दिसलं. बाईंना खासगी निरोप धाडायची सोय नाही, पेटी बंद. कट्ट्यावर सांगावं तर शेकडो चोरांना वाट दाखवल्यासारखं, वर बाईंची शोभा. मग उरलं काय? आपण जाऊन लावून टाकावं. आपल्याच नावानं, लपूनछपून नाही, कारण त्यात लपवण्यासारखं त्याला काही वाटलंच नसणार. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच, आणि सूळ बाईंनी स्वतः ठोकला होता.

बाई पाण्यासाठी उठल्या. कॅन सकाळी ठेवला तिथेच होता. त्याच्या पलीकडे बाहेरचं दार दिसत होतं, आणि ते वीतभर उघडं होतं. जिन्यातला उजेड फटीतून फरशीवर आलेला. सकाळी टाचेनं ढकललं होतं ते लागलंच नव्हतं. दिवसभर दार उघडं ठेवून त्या दुसऱ्यांची भोकं पाहत बसल्या होत्या.

बाई तिथेच उभ्या राहिल्या. हात भरलेले असले की दार टाचेनं लोटायची ही सवय आजची नव्हती. त्या दुपारी गच्चीवरून वाळलेले कपडे कुणी आणले होते? चादरी, आईची लुगडी, हनुवटीपर्यंत ढीग, दोन्ही हात गुंतलेले. धाकटा औषधं घेऊन आला त्याच्या आधी की नंतर? नंतर. नंतरच, कारण औषधांची पिशवी तेव्हा टेबलावर होती आणि कपडे ठेवायला त्यांनी ती बाजूला सारली होती. हे आता आठवत होतं, की इतकी वर्षं आठवू दिलं नव्हतं, देव जाणे. घरात आईखेरीज माणसं दोन. त्यातल्या एकाला उघडं दार बघवत नाही, जगानं चोर म्हटलं तरी तो ते लावून मगच उठतो. मग उघडं टाकणारं कोण उरलं?

त्या टेबलाशी परत आल्या. ज्या फळ्यावर लाल अक्षरं लागली होती तिथेच, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत त्यांनी लिहिलं: “सापळा मी लावला होता. कुणाकडूनही तपासून घेतला नव्हता. तपासनिसानं चोरी केली नाही. भोक दिसलं म्हणून ते बुजवायला तो आत गेला, आणि बुजवूनच बाहेर आला. घरातलं जे मी इथे लिहिलं तेही खोटं आहे. दार त्यानं उघडं टाकलं नव्हतं. मी टाकलं होतं.”

मग सुतारानं नुसतं “बरं केलंत” असं लिहिलं. दुसऱ्या कुणीतरी लिहिलं, “आता बरं करून काय उपयोग?” बिब्बानं लिहिलं, “ही स्पर्धा होती की तमाशा? पुढच्या वेळी आधी सांगा, तिकीट काढून येऊ.” बाईंना त्याच्यावर रागवायचंही त्राण नव्हतं. आणि तो म्हणत होता त्यात चूक काय होतं?

त्यांनी तपासनिसाच्या खात्याचं तोंड मोकळं केलं, खासगी पेटी उघडली. पेटीत सकाळचे निरोप अडकून पडलेले नव्हते. बंद पेटीत ते पडतच नसत. हिरवा ठिपका अजून होता. म्हणजे तो बसून होता.

बाईंनी लिहायला घेतलं आणि पुसलं. पुन्हा घेतलं, पुन्हा पुसलं. कोड्यांवाचून त्याला काही लिहायची सवयच मोडली होती. शेवटी त्यांनी लिहिलं, “कडी तू घातली होतीस. मी नंतर ती काढून गच्चीवर गेले, आणि कपडे घेऊन येताना दार टाचेनं लोटलं. आईचं माझ्यामुळे झालं. मी तुला सगळ्यांसमोर बोलले, तेव्हा आणि आज. मला तुझी माफी मागायची आहे. फोन करू का?”

तो लिहितोय असं पडद्यावर दिसलं. मग थांबलं. पुन्हा दिसलं. बाई खुर्चीच्या टोकावर सरकल्या. एवढा वेळ तो काय लिहीत होता आणि काय पुसत होता, कोण जाणे. त्यांना मनोमन वाटलं, शिव्या दे. वाटेल ते बोल. पण चार ओळी लिही.

उत्तर आलं.

“न तपासलेलं काही फळ्यावर लावायचं नाही. नियम तुझाच होता. मी तेवढा एकच मागत होतो, आईच्या वेळेपासून.”

बाईंनी घाईनं लिहिलं, “ऐक ना,” आणि पाठवलं. ते गेलं नाही. पुन्हा पाठवलं. हिरवा ठिपका मावळला होता. त्यांनी खात्यांच्या यादीत जाऊन पाहिलं. तपासनीस नावाचं खातं आता तिथे नव्हतं. त्यानं ते स्वतः, नीट, कायमचं बंद केलं होतं. अर्धवट काही ठेवायची त्याची पद्धतच नव्हती.

बऱ्याच वेळानं बाई उठल्या. दाराशी गेल्या, ते पुरतं लावलं, टाचा उंचावून वरची कडी घातली आणि ती बसली का ते ओढून पाहिलं. कडी घट्ट बसली होती. आत अडवून ठेवायला आता घरात कुणी नव्हतं.